तुमच्या हाताला गुण नाही, असं मी म्हणाले

अहो, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत ‘देवमाणूस’ हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला, की आता पुन्हा कुणी तो उच्चारला तर मी त्याला सरळ दार दाखवणार आहे. डेपोतले आले, शेजारचे आले, बाजारपेठेतला तो कापडवालासुद्धा आला, आणि सगळ्यांनी मान हलवत तेच म्हटलं. मी खुर्चीत बसून ऐकत राहिले. देवमाणूस ओला टॉवेल गादीवर टाकायचा आणि आमटीत मीठ कमी असलं की न बोलता फक्त भात खायचा, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि गेली दोन वर्षं देवमाणसाची बायको त्याला घरात काय काय बोलत होती, हे तर त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नाही.

पाळकसाहेब सांत्वनाच्या प्रार्थनेला आले तेव्हा म्हणाले, “शांताबाई, त्यांच्याविषयी थोडं लिहून द्या, रविवारच्या उपासनेत वाचू.” मी हो म्हणाले. ते मी लिहून दिलं, चांगलं चार ओळींचं. हे ते नाही. हे तुमच्यासाठी आहे आणि यात भांडण आहे.

तुम्ही नगरकडचे, बदली होऊन महाड डेपोत कंडक्टर म्हणून आलात. मी इथेच एका हॉस्पिटलात नर्स. डेपोतली सर्वांत नकोशी ड्युटी म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगरात जाणारी वस्तीची गाडी. संध्याकाळी गाडी वर न्यायची, शाळेच्या ओट्यावर ड्रायव्हरबरोबर पथारी टाकायची आणि उजाडताना तीच गाडी खाली आणायची. बाकीचे ती टाळायला भांडायचे. तुम्ही मागून घेतलीत. गाडी जिथे संपते त्या वाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला आवडणार नाही.

सुरुवात त्या आबांपासून झाली. शेवटच्या बाकावर बसलेला म्हातारा, पायाला चिघळलेली जखम, तिला वास मारत होता, म्हणून आजूबाजूची माणसं उठून पुढे गेली होती. तुम्ही त्याला तिकीट दिलंत आणि त्याच्याच शेजारी बसलात. वाडीत उतरल्यावर पाणी गरम करायला सांगून त्याचा पाय धुतलात. दुसऱ्या दिवशी घरी येऊन मला विचारलंत, “शांता, पट्टी कशी बांधतात गं?” मी हसले. म्हणाले, “तुम्ही तिकिटं फाडा, पाय आम्ही बघतो.” तुम्ही म्हणालात, “तुम्ही वर येत नाही ना.”

मग मी तुम्हाला शिकवलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या पायाला तुम्ही महिनाभर पट्ट्या बांधत होतात. गाठ जखमेवर येऊ द्यायची नाही, बाजूला घ्यायची, टोकं आत खोचायची, हे मी तुमच्या हातावर फुटपट्टी मारून मारून शिकवलं. तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत एका बाजूला कापूस, डेटॉल आणि ते जांभळं औषध जाऊन बसलं. तुमची बोटं कायम जांभळी. तिकिटांवर जांभळे ठसे उमटायचे आणि पोलादपूरच्या स्टँडवर लोक तिकीट बघून सांगायचे, आज गाडीवर आपले कंडक्टर-मास्तर आहेत.

वाडीत राहिलेली बहुतेक म्हातारी माणसं. मुलगे मुंबईला, सुना कधी इथे कधी तिथे. तुम्ही कुणाची नखं कापलीत, कुणाच्या पाठीला तेल लावलंत, कुणाचं कान फुटलेलं नातवंड सकाळच्या गाडीत घालून माझ्याकडे आणलंत. त्यांच्यात बसून तुम्ही कधी प्रार्थना घेतली नाहीत. यावरून पाळकसाहेब थोडे नाराजच होते. “वर सुवार्ता सांगता की नाही?” असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “पट्टी बांधताना तोंड बंद ठेवावं लागतं, साहेब, थुंकी उडते.” आणि वर ते आबा तुम्हाला बजावून सांगायचे, “मास्तर, तुमच्या देवाचं नाव काय ते मला सांगू नका हां. आमचा गावदेव लय रागीट हाय.” तुम्ही घरी येऊन ते मला हसत सांगायचात.

पण मला ठाऊक होतं तुम्ही हे कशासाठी करत होतात. तुमची आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. औषध देणारे वेगळे, आपल्याला प्रभूनं हात लावायला बोलावलंय, असं ती म्हणायची. तुम्ही ते इतकं मनावर घेतलंत, की मला त्याचा राग यायचा. मी दिवसभर लोकांना हात लावते, अहो. मला ड्युटी संपल्यावर कुणाला हात लावायची इच्छा नसते. तुम्हाला मात्र ड्युटी संपली की हुरूप यायचा.

एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे, नाहीतर मी खोटी ठरेन. आपलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा तुम्ही आठ दिवस रजा काढलीत आणि रोज सकाळी माझे केस विंचरलेत. वेणी अशी घालायचात की एक पेड जाड, दुसरा बारीक. मी इतकी वर्षं नर्स, पण आजारी माणसाला कुणी आपल्या डोक्याला हात लावल्यावर काय वाटतं ते मला तेव्हा कळलं. त्या आठ दिवसांत तुम्ही एकही उपदेश केला नाहीत. मी बरी झाले ती तुमच्यामुळे झाले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत असेल असं धरून चालले.

आता पार्वती.

भातकापणीचे दिवस होते. वाडीतला कोंडीराम आणि त्याची बायको पार्वती, दोन लहान मुली. कापताना विळा पार्वतीच्या पायावर बसला. तुमची त्या आठवड्यात वस्तीची ड्युटी होती. संध्याकाळी गाडी पोहोचल्यावर तुम्ही पाय धुतलात, पट्टी बांधलीत. रोज संध्याकाळी बांधत होतात. आठव्या दिवशी सकाळच्या गाडीने तुम्ही आणि कोंडीराम तिला उचलून हॉस्पिटलात घेऊन आलात, तेव्हा तिचं तोंड उघडत नव्हतं. मी चादर बाजूला केली आणि पट्टी बघितली. गाठ बाजूला, टोकं आत खोचलेली. ती मी शिकवलेली गाठ होती.

धनुर्वात. डॉक्टरांनी सांगण्याआधी मला कळलं होतं. मी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, “इंजेक्शन दिलं होतं का?”  मी पुन्हा विचारलं, जरा जोरात. तुम्ही कोंडीरामकडे बघितलंत. तो फरशीकडे बघत होता. मग तुम्ही म्हणालात, “नाही.” एवढंच. आणि मी वॉर्डात, आया, पेशंट, नातेवाईक सगळ्यांच्या देखत म्हणाले, “आठ दिवस हिच्या पायाशी बसून काय करत होतात तुम्ही? तुमच्या पट्टीनं मारलंय हिला.”

ती तिसऱ्या दिवशी गेली. कशी गेली ते मी लिहीत नाही. उजेडानं, आवाजानं झटके यायचे, म्हणून त्या खोलीत दिवा लावता येत नव्हता, भांडं पडलेलं चालत नव्हतं, तुम्ही बाहेर बाकावर होतात आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की उभे राहत होतात.

तिथे मी थांबायला हवं होतं. रागाच्या भरात माणूस बोलतो. पण मी दोन वर्षं बोलले, आणि रागाचा भर केव्हाच ओसरला होता. नंतर मला ती सवयच लागली. तुम्हाला दाढी करताना कापलं तर मी म्हणायचे, “बांधा पट्टी, तुम्हाला येते ना.” उपासनेत आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांसाठी प्रार्थना झाली की मी तुमच्याकडे बघायचे, डोळे मिटलेल्या लोकांमध्ये मी एकटी डोळे उघडे ठेवून. आणि शेजारच्या सुमनची मुलगी गुडघा फुटला म्हणून रडत तुमच्याकडे आली तेव्हा मी तिचा दंड धरून मागे ओढलं. म्हणाले, “त्यांच्याकडे नको गं. त्यांच्या हाताला गुण नाही.”

तुम्ही उंबऱ्यात उभे होतात. तुमचा हात पुढे आलेला होता. तो तुम्ही खिशात घातलात आणि चप्पल घालून कुठेतरी निघून गेलात. जेवायला आलात तेव्हा मी ताट वाढलं. तुम्ही जेवलात. मी मनात म्हटलं, लागलं वाटतं. आणि मला बरं वाटलं. मला बरं वाटलं होतं हे खरं आहे.

तुम्ही वस्तीची ड्युटी सोडलीत. कशेडी घाटातून खेडला जाणारी गाडी घेतलीत, जाऊन-येऊन, मुक्काम नाही. पेटीतलं डेटॉल संपलं ते पुन्हा भरलं नाहीत. बोटांवरचा जांभळा रंग हळूहळू गेला. मी म्हटलं, बरं झालं, अक्कल आली. तुम्ही आधीच कमी बोलायचात, नंतर घरात रेडिओच तुमच्यापेक्षा जास्त बोलायला लागला. संध्याकाळी तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसायचात, हात मांडीवर. रिकामे हात कुठे ठेवायचे ते तुम्हाला कधी जमलं नाही.

आणि मग ती सकाळ. डेपोत छातीत दुखलं म्हणून तुम्हाला आमच्याकडेच आणलं, आणि ड्युटीवर मीच. मी सगळं बरोबर केलं. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली, शीर शोधली. शीर सापडत नव्हती. तुमचा हात मी उलटा केला, सुलटा केला, चापट्या मारल्या. त्या सगळ्या वेळात एकदाही तो हात मी नुसता धरला नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुमचे ओठ हलले. मी म्हणाले, “बोलू नका, गप्प पडून राहा.” तुमच्याशी मी बोललेलं ते शेवटचं. आणि तुम्ही नेहमीप्रमाणे ऐकलंत.

इथपर्यंत मी सहन केलं असतं. बायका नवऱ्याला बोलतात, नवरे मरतात, बायका नंतर रडतात. मी पण रडले असते आणि कधीतरी थांबले असते. पण काल कोंडीराम आला.

दारात उभा राहिला, आत येईना. बस म्हटलं तर खुर्ची सोडून जमिनीवर बसला. फडक्यात नाचणीचं पीठ आणलेलं. म्हणाला, दोन दिवसांपूर्वी कळलं, गाडीवरच्या नव्या कंडक्टरने सांगितलं. मग आपणहून बोलायला लागला.

“बाई, मास्तरांनी पयल्या सांजेलाच सांगितलान, सकालच्या गाडीला हिला घेऊन चल, माझी बायको सुई मारील. पन दुसऱ्या दिशी आमची पाली व्हती.”

त्यांच्या वाडीत कापणीची पद्धत अशी, की अख्खी वाडी एकेकाच्या शेतावर जाते. आज तुझं, उद्या माझं. ज्याची पाळी त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण. पाळी चुकली की शेवटी नंबर, आणि तोवर पाऊस आला तर उभं भात आडवं होतं.

“ढग आलेले, बाई. मानसं येयाची, आनि रांधनार कोन? ती बोलली, मी करते. पट्टी बांधलेल्या पायावर उभी राहून तिनं सगल्या वाडीचं जेवन केलान. दुसऱ्या सांजेला मास्तरांनी परत सांगितलान. मंग तिसऱ्या सकाली तर गाडी थांबवून धरलान. डायवर हारन मारतोय आनि मास्तर आमच्या दारात. पार्वती बोलली, मास्तर, तुमच्या पट्टीनं आता दुखत नाय. मीपन बोललो, दुखत नाय तर कशाला जायाचं? मास्तर माझ्यावर लय रागावले. आमच्यावर तसं कोन रागावलं नव्हतं कदी. वाडीतली समदी ऐकत व्हती, कोन काय बोललं नाय. सगल्यांनीच तिच्या हातचं जेवलेलं.”

मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं आता हा रडेल. तो रडला नाही. त्याने हात जोडले.

“मास्तर त्याच्यापायीच आमची गाडी सोडून गेले. आमचं तोंड बघवंना त्यांना, आमाला कललं. पन बाई, तुमचं मन मोठं. मास्तरांनी घरी सांगितलं असनारच. तुमाला समदं म्हाईत, तरी त्या दिशी हास्पिटलात तुमी मला एक शबूद बोलला नाय. सगला राग तुमच्या मानसावर काढलात, माझी लाज राखलात. दोन पोरी घेऊन मी त्याच वाडीत जगतोय, ते तुमच्यामुलं. हे मी इसरनार नाय.”

ऐकलंत? तुमच्या वाडीत माझी कीर्ती आहे. दयाळू बाई म्हणून.

मी काय केलं सांगू? मी उठून चहा ठेवला. गॅससमोर उभी राहून मी तोंडात पदर कोंबला. मला त्याच्या अंगावर धावून जायचं होतं. तू मारलंस तिला, तुझ्या भातानं मारलंस, आणि इथे माझा नवरा दोन वर्षं तोंड मिटून मेला, हे त्याला ओरडून सांगायचं होतं. शब्द तयार होते, मला शब्दांची कमी कधी पडली नाही. मग चहा घेऊन बाहेर आले आणि त्याचे हात बघितले. भेगाळलेल्या बोटांत कपबशी धरता येत नव्हती त्याला. मी म्हणाले, “चहा गार करून घ्या.” तो गेला. मी काही बोलले नाही. एक संध्याकाळ मी ते धरून ठेवलं आणि रात्री मला जेवण गेलं नाही. तुम्ही ते दोन वर्षं धरून होतात, आणि वर माझं बोलणं.

मी रात्रभर विचार केला. तुम्ही मला सांगितलं का नाहीत ते मला ठाऊक आहे. सांगितलं असतंत तर मी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसून वर गेले असते आणि त्याच्या दारात, त्याच्या मुलींसमोर, सगळ्या वाडीला गोळा करून बोलले असते. त्यानंतर त्याने एखाद्या झाडाला दोर बांधला असता. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत. त्याचंच मला सगळ्यात जास्त लागतंय.

आणि दुसरं एक कारण असेल, ते मला लिहवत नाही पण लिहिते. ‘तुमच्या पट्टीनं दुखत नाय.’ पार्वतीचं ते वाक्य तुम्ही ऐकलंत. दुखलं असतं तर ती खाली आली असती. तुम्ही दुखणं कमी केलंत म्हणून ती राहिली. म्हणजे मी वॉर्डात ओरडले ते तुम्हाला खरं वाटलं असेल. तसं मानूनच तुम्ही गेलात का? नर्स म्हणून विचाराल तर मी आजही भांडेन, की तिला उचलून गाडीत घालायला हवं होतं, नवरा काही म्हणो. पण तुमचा हात वाईट नव्हता हो. मीच तो वाईट ठरवला.

हॉस्पिटलात कुणी रडत-ओरडत आलं तरी आधी त्याला शांतपणे विचारायचं असतं, काय झालं, कधीपासून. दारुड्यालाही मी विचारते. दोन वर्षांत मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, की अहो, त्या आठ दिवसांत वर काय झालं होतं. विचारलं असतं तर कदाचित तुम्ही सांगितलं असतंत. कदाचित तुम्ही त्याच प्रश्नाची वाट बघत रोज संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकत होतात.

पाळकसाहेब म्हणतात, प्रभूकडे क्षमा मागा, तो मोकळं करतो. मी मागितली नाही. त्याला मी काही बोलले नव्हते, तुम्हाला बोलले होते. आणि अजून माझं भांडण संपलेलं नाही. त्या आबांवर दया केलीत, पार्वतीवर केलीत, तिला खाली येऊ न देणाऱ्या तिच्या नवऱ्यावरही केलीत. सगळी वाडी तुमच्या हाताखालून बरी होऊन गेली. मी तर तुमच्या घरातली. मी तुमच्यासमोर रोज जरा जास्त वाईट होत गेले, तुम्ही बघत होतात, आणि मला थांबवलं नाहीत. ‘मी तिला चल म्हणालो होतो, शांता,’ एवढं एक वाक्य. मी त्याच क्षणी तुमचे पाय धरले असते.

सुमनच्या मुलीला आज सकाळी मी बोलावलं आणि सांगितलं, की काकांच्या हाताला गुण होता, मी खोटं बोलले होते. ती म्हणाली, “बरं.” तिला ते आठवतही नव्हतं. आठवत होतं ते ज्याला, तो ऐकायला नाही. आता ते शब्द मी कुणासमोर मागे घेऊ, सांगा.